बेत आधी की बाजार आधी?

आठवड्याच्या जेवणाचा बेत आणि बाजारहाट याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : घरात आम्ही पाच माणसं. बुधवारच्या बाजारातून दोन पिशव्या भाजी येते. तरी सोमवारी ‘आज काय करू’ हा प्रश्न उभाच, आणि पालेभाजी मात्र टाकून द्यावी लागते. सात दिवसांचा बेत लिहून भिंतीवर लावला, तो दोन दिवसांत मोडला. चुकतं कुठे? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : बेत पदार्थांपासून सुरू केला, तिथे चुकलं. आपल्याकडे कोकणात बरीचशी भाजी घाटावरून येते, मासे समुद्र देईल तसे येतात आणि परड्यातलं, म्हणजे परसातलं, काय केव्हा तयार होईल ते पावसावर असतं. म्हणून आधी घरात काय उरलं आहे ते बघायचं, मग बाजारात काय येईल त्याचा अंदाज घ्यायचा, आणि पदार्थ शेवटी ठरवायचे.

दुसरं म्हणजे भाजी किती वेळा लागणार, ते कोणी मोजतच नाही. आठवड्यात दुपार-रात्र मिळून जेवणाच्या १४ वेळा. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे असतील तर ६ वेळा त्यातच गेल्या, कारण दुपारचं कालवण रात्रीही चालतं. उरल्या ८. त्यांत दोन वेळा उसळ आणि एक वेळ कुळथाची पिठी धरली की भाजी लागते फक्त ५ वेळा. दोन पिशव्यांत ती नऊ-दहा वेळांची येते, म्हणून कुजते. मंगळवारी बाजाराला जाणाऱ्या सावंतवाडीकरांनी किंवा मंगळवारी मासे खाणाऱ्या घरांनी वार बदलावेत, मोजण्याची रीत तीच.

या पाच भाज्या टिकण्याच्या क्रमाने लावा. गुरुवारी दुपारी पालेभाजी, रात्री भेंडी किंवा गवार. शनिवारी दुपारी पडवळ नाहीतर दोडका, रात्री मुगाची उसळ. सोमवारी दुपारी काळ्या वाटाण्याची उसळ, रात्री कोबी. मंगळवारी दुपारी लाल भोपळा किंवा सुरण, रात्री पिठी-भात. पालेभाजी अख्ख्या आठवड्यात एकदाच आली, हे लक्षात घ्या. मेथी, लाल माठ, मुळा तिन्ही ताजी दिसतात म्हणून तिन्ही घेतली जातात आणि शनिवारी त्यांतल्या दोन पिवळ्या पडलेल्या असतात.

पाच माणसांना पालेभाजीच्या २ जाड जुड्या, भेंडी अर्धा किलो, पडवळ ६०० ग्रॅम (बिया-गर जातो), कोबी ६०० ग्रॅम, भोपळा अर्धा किलो पुरतो. म्हणजे वजनाची भाजी दोन-सव्वादोन किलो आणि वर जुड्या. कांदे २ किलो, बटाटे १ किलो, टोमॅटो अर्धा किलो, मिरची १०० ग्रॅम आणि कोथिंबिरीची एक जुडी वेगळी.

घरी आल्यावरची पंधरा मिनिटं सर्वांत महत्त्वाची. जुडीची दोरी लगेच सोडा. बांधलेल्या जागी देठ दबलेले असतात, कूज तिथूनच सुरू होते. मधली पिवळी आणि चिकट पानं काढा, पण जुडी धुऊ नका. कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रीजच्या खालच्या खणात ठेवा, धुवायची ती चिरण्याआधी. भेंडी विक्रेत्याने पाणी मारलेली असते. ती पंच्यावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी काळे डाग पडून बुळबुळीत होते. मिरचीचे देठ काढून ठेवले की ती दीड-दोन आठवडे टिकते. कांदे आणि बटाटे एका टोपलीत नकोत. आपल्या दमट हवेत कांद्याला वारा लागतो, म्हणून तो जाळीत टांगलेला बरा.

बेत मोडणारच. शेजारून फणसाची कुयरी (कोवळा फणस) येते, पाहुणे येतात, कोणीतरी तिसऱ्या (शिंपल्या) आणून देतं. तेव्हा काय पुढे ढकलायचं हे आधीच ठरलेलं असलं की झालं : कोबी, भोपळा, सुरण आणि पिठी खुशाल पुढे जाऊ द्या, पालेभाजी आणि भेंडी कधीच नाही. भिंतीवर लावायचाच असेल तर वारांचा तक्ता न लावता ‘आधी संपवायचं’ आणि ‘थांबू शकतं’ अशा दोन याद्या लावा. सोमवारी आजारपण निघालं तरी त्या याद्या खऱ्या राहतात.

प्रश्न : बाजारात गेल्याशिवाय कोणते मासे मिळतील ते कळत नाही, भाव तर तासाला बदलतो. मग माशांचा बेत आणि खर्च कसा धरायचा? स्वस्त मिळाले म्हणून जास्त घेतले तर किती दिवस ठेवता येतात? (एक वाचक, मालवण)

उत्तर : माशाचं नाव लिहू नका, पदार्थाची रीत लिहा. ‘एक कालवण, एक तिखलं (दाट, तिखट रस्सा), एक तळणीचं’ एवढंच ठरवा. बांगडे, पेडवे, तारली आली तर तिरफळं घालून तिखलं होतं, सौंदाळे-मुडदुशे आले तर कालवण, सुरमई परवडली तर दोन तुकडे तव्यावर. नारळाचं वाटण, आमसुलं आणि मसाला सगळ्यांना तोच लागतो. तो घरात असला की मासा कोणताही येऊ दे.

खर्चासाठी दिवसाची रक्कम ठरवू नका, आठवड्याची ठरवा. बुधवारी बांगडे स्वस्त मिळून पैसे उरले तर ते रविवारच्या सुरमईला जातात. किलोचा भाव मात्र फसवा असतो. कोळंबी सोलल्यावर जवळजवळ निम्मी उरते. बांगड्याचं डोकं, पोट, कल्ले गेल्यावर साधारण ६५ टक्के राहतो. सुरमईच्या तुकड्यात वाया जाणारं थोडं असतं, म्हणून किलोच्या भावात दिसणारा फरक ताटात तेवढा राहत नाही. पाच माणसांच्या कालवणाला मध्यम बांगडे १ किलो, म्हणजे सहा ते आठ, घ्यावेत. सोलायची कोळंबी असेल तर सव्वा किलो.

घेताना डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, कल्ले उघडून बघावेत, आतून लाल हवेत. ताजा बांगडा डोक्याकडून आडवा धरला तर शेपूट खाली लोंबत नाही. पेडवे-तारलीचं पोट बघा. पोटातले पाचक रस पोटाची पातळ भिंत आतूनच खातात, म्हणून हे मासे शिळे होताना आधी पोट फुटतं. फुटकी पोटं जास्त दिसली तर तो वाटा सोडून द्या, भाव कितीही उतरवला तरी.

ठेवण्याचं असं आहे. बांगडा, तारली, पेडवे, कुपा हे तेलकट मासे उन्हात किंवा ओट्यावर तासन् तास राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात, डोकं दुखतं, आणि आपण समजतो की मासा बाधला. हे द्रव्य शिजवून जात नाही, तळून जात नाही आणि नंतर फ्रीजमध्ये ठेवूनही जात नाही. म्हणून बाजारात मासे शेवटी घ्या, आधी भाजी आणि वाणसामान उरका. घर लांब असेल तर पिशवीत बर्फ टाकून घ्या. घरी आल्याबरोबर कल्ले आणि पोट काढा, धुवा, कोरडे करा, मीठ-हळद-आगळ (कोकमाचा खारा रस) लावून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये सर्वांत खाली ठेवा. आगळात मीठ असतंच, त्यामुळे वरून मीठ बेतानेच लावा. असे बांगडे दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगले.

त्याहून जास्त ठेवायचे तर पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये गेले पाहिजेत. दोन दिवस फ्रीजमध्ये राहिलेला मासा तिसऱ्या दिवशी गोठवून काही मिळत नाही. एका जेवणापुरती पाकिटं करा, हवा दाबून काढा, वर तारीख लिहा. तेलकट मासे दोन महिन्यांत संपवा, पुढे त्यांचं तेल खवट होतं. सुरमई, कोळंबी तीन-चार महिने चालते. कोळंबी डब्यात पाण्यात बुडवून गोठवली तर कडेने सुकत नाही. वितळवायची ती आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या खणात, ओट्यावर नव्हे. तिसऱ्या मात्र त्याच दिवशीच्या. तोंड उघडं असलेली तिसरी बोटाने टिचकी मारूनही मिटत नसेल तर ती मेलेली, टाकून द्या.

आणखी एक. रात्रीसाठीचं कालवण दुपारीच वेगळ्या भांड्यात काढा आणि निवल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा. मे महिन्यात नारळाचं कालवण ओट्यावर संध्याकाळपर्यंत टिकत नाही, आणि आंबल्यावर उकळून ते पुन्हा चांगलं होत नाही.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरीला, घरी यायला सात वाजतात. रविवारी आठवड्याची तयारी करून ठेवतो, पण बुधवारपर्यंत सगळ्याला वास येतो. काय आधी करून ठेवावं आणि काय नाही? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : चिरून ठेवू नका, भाजून ठेवा. चिरलेला कांदा आणि चिरलेली भाजी सर्वांत आधी वास धरते, आणि तुमचा रविवारचा बहुतेक वेळ त्यातच जात असणार. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण मात्र उत्तम टिकतं. ३ मोठे कांदे आणि एका नारळाचं खोबरं तेलावर खमंग तांबूस भाजा, पूर्ण निवू द्या, शक्य तितक्या कमी पाण्यात वाटा. फ्रीजमध्ये ४ दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून तुकडे पिशवीत भरले की चार तुकड्यांत दोघांची उसळ होते. निवण्याआधी डबा बंद केला तर झाकणाला वाफ धरते आणि तेच पाणी वाटण आंबवतं.

ओला नारळ खवून पसरट पिशवीत पातळ थर करून गोठवा, हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. फोडलेल्या नारळाची डोळ्यांची वाटी आधी वापरा, ती लवकर बुळबुळीत होते. न फोडलेल्या नारळाची शेंडी काढू नका, तिच्याखाली डोळे झाकलेले राहतात. शेंडी काढलेला नारळ दमट हवेत डोळ्याकडून आतून खराब होतो आणि बाहेरून कळतही नाही.

आंबोळीचं पीठ करून ठेवा. तांदूळ ३ वाट्या, उडीद डाळ १ वाटी, मेथी १ चमचा, पाच-सहा तास भिजवून वाटायचं. उन्हाळ्यात आठ तासांत फुगतं, पावसात बारा-चौदा लागतात. मीठ न घालता फ्रीजमध्ये ठेवा, लागेल तेवढ्यात घाला. तीन दिवस चालतं. चौथ्या दिवशी आंबट झालं तर कांदा-मिरची घालून जाड आंबोळ्या घाला. घावणांचं पीठ आदल्या दिवशी भिजवण्याची गरजच नाही, तांदळाचं पीठ ताकाइतकं पातळ कालवलं की तवा तापेपर्यंत तयार.

कडधान्याचं वेळापत्रक सकाळी निघताना ठरतं. काळ्या वाटाण्याला १० ते १२ तास भिजायला लागतात, म्हणजे सकाळी आठला भिजत घातले तर संध्याकाळी कुकरला तयार. मोड आणायचे मूग रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधले तर रात्री वापरता येतात. कुळथाला आणि वालाला मोड यायला आणखी एक दिवस द्या. दोघांना एका वेळेला ९० ते १०० ग्रॅम कोरडं कडधान्य पुरे. दुप्पट भिजवा, त्यातलं अर्धं शिजवून, गाळून गोठवा, दुसऱ्या आठवड्याची एक संध्याकाळ सुटते.

प्रश्न : पावसाळ्याची बेगमी चार माणसांना नेमकी किती करावी? दरवर्षी काहीतरी उरतं आणि त्याला कीड लागते. (एक वाचक, देवगड)

उत्तर : जून, जुलै, ऑगस्ट म्हणजे सुमारे १२ आठवडे धरा. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, म्हणून उसळी आठवड्यात तीनवर जातात. चौघांच्या उसळीला २०० ग्रॅम, म्हणजे ३ × २०० × १२ = ७ किलो २०० ग्रॅम कडधान्य. हा एकूण आकडा आहे. काळे वाटाणे २, मूग दीड, मसूर दीड, चवळी, वाल आणि कुळीथ मिळून सव्वादोन. प्रत्येकाचे दोन-दोन किलो भरण्याची सवय असते, तिथेच पाच किलो उरतात. कुळथाची पिठी आठवड्यात दोनदा, दर वेळी ५० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलो. मालवणी मसाला रोज तीन चहाचे चमचे धरला तर पाऊण किलो. आमसुलं अर्धा किलो.

रवा, बेसन, तांदळाचं पीठ यांची बेगमी करू नका. पंधरा दिवसांपुरतंच आणा. आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवलंत तर त्यातली अंडी मरतात, मग ते बाहेर डब्यात ठेवलं तरी चालतं.

कडधान्य मेच्या उन्हात दोन दिवस वाळवा, पण उन्हातून उचलून लगेच डब्यात भरू नका. गरम दाणे बंद डब्यात निवताना आतली वाफ पत्र्यावर पाणी होऊन उतरते, आणि तळाचा थर जुलैत बुरसतो. सावलीत रात्रभर निवू द्या, सकाळची ओल चढण्याआधी भरा. तूरडाळीला किलोला एक चमचा एरंडेल चोळलं की पोरकिडे लागत नाहीत, शिजवण्याआधी मात्र कोमट पाण्याने धुवा. मोठा डबा रोज उघडू नका. आठवड्याचं लहान डब्यात काढून घ्या, दर उघडण्याला ओली हवा आत जाते.

सुकं खारं, म्हणजे सुकवलेले मासे, घेताना जवळा (सुकी बारीक कोळंबी) मुठीत दाबून बघा. वाजला आणि सुटा झाला तर घ्या, गोळा झाला तर आत ओल आहे. खाऱ्या बांगड्यावर पांढरं मीठ दिसलं तर चालतं, गुलाबी-तांबूस डाग दिसले तर घेऊ नका, ते मिठात वाढणारे जिवाणू आहेत आणि उन्हात ठेवून जात नाहीत. चौघांना जवळा अर्धा किलो, खारे बांगडे १५-२०, सोडे (सोललेली सुकी कोळंबी) पाव किलो पुष्कळ झाले. सोडे महाग, ते फ्रीझरमध्येच ठेवा.

वादळात वीज जाते तेव्हा फ्रीज उघडून बघत बसू नका. बंद फ्रीज साधारण ४ तास गार राहतो, ठासून भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. म्हणून पावसाळ्यात फ्रीझरमधली मोकळी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा. वीज आल्यावर माशाच्या पाकिटात अजून बर्फ असेल तर ते पुन्हा गोठू द्या. मऊ होऊन कोमट झालं असेल तर टाकून द्यावं लागेल.

आणि बेगमी ठरवताना परसाला विसरू नका. पहिल्या पावसानंतर टाकळा येतो, अळू येतं, फोडशी येते. मेमध्ये फणसाच्या आठळ्या धुऊन सावलीत सुकवून मातीत ठेवल्या असतील तर टाकळ्याच्या भाजीत घालायला दुसरं काही लागत नाही. जुलैची पालेभाजी घाटावरून यायचीच नसते, असं धरून चाललं तरी चालेल.

प्रश्न : गणपतीला चाकरमानी येतात, आमचे पाचाचे चौदा होतात. दर वेळी एक तर भात उरतो नाहीतर नारळ संपतात. (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : भाताचे तांदूळ माणशी ८० ग्रॅम, चौदा जणांना एका वेळेला १ किलो १०० ग्रॅम. वडे किंवा पुऱ्या असतील त्या दिवशी ८०० ग्रॅम पुरतात, आणि भात उरतो तो त्याच दिवशी. काळ्या वाटाण्याची उसळ माणशी ५० ग्रॅम, म्हणजे ७०० ग्रॅम. मोदकांना एका मोठ्या नारळाचा चव (खवलेलं खोबरं) आणि २०० ग्रॅम गूळ घेतला की १८ ते २० मध्यम मोदक होतात. नैवेद्याचे २१ आणि माणशी ३ धरून ६३, त्याला साडेतीन नारळ, म्हणजे चारच घ्या. नारळ संपतात ते मोदकांनी नाही, रोजच्या वाटणाने. चौदा माणसांत दिवसाला तीन नारळ लागतात, सोलकढी केली तर आणखी दोन. पाच दिवसांचा गणपती असेल तर वीस-बावीस नारळ घरात हवेत.

कोरडं सामान पंधरा दिवस आधी आणा, तेव्हा दुकानदाराला तुमच्या यादीसाठी वेळ असतो. चतुर्थीच्या आदल्या बाजारात फक्त भाजी, फुलं आणि केळी. भरलेला जादा सिलिंडर आहे का ते तेव्हाच बघा. ऋषिपंचमीच्या भाजीतलं अळू, माठ, भेंडी, भोपळा जे परड्यात आहे ते आधी यादीतून काढा, मग उरलेलं विकत आणा.

प्रश्न : मी एकटीच राहते, वय ७२. एका माणसासाठी बेत करायचा कशाला, असं वाटतं. कमीत कमी काय ठरवून ठेवावं? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : तुमच्यासाठी बेत जास्त गरजेचा आहे, कारण एकट्या माणसाचं जेवण हळूहळू पेज आणि लोणच्यावर येतं. पेजेसोबत रोज एक तरी डाळ, उसळ, अंडं किंवा मासा हवा, एवढंच भिंतीवर लिहा. उसळ दोन वेळांची करा आणि एक भाग गोठवा. भाजी पावशेराने घ्या. माशाचा अख्खा वाटा घेऊ नका. नेहमीच्या मासेवालीला दोन बांगडे साफ करून मागा, ती देते. दुसरा लगेच मीठ-हळद लावून फ्रीजमध्ये ठेवा, उद्या दुपारी संपवा. पिठी एकटीला दीड चमचा आणि पाणी सव्वा वाटी. पिठी आधी गार पाण्यात कालवून घ्या, उकळत्या पाण्यात कोरडी टाकली तर गुठळ्या होतात. बरणी गॅसजवळ ठेवू नका, वाफेने तिच्या कडेला गोळे धरतात.